नॅशव्हिलमध्ये गायिका-गीतकार म्हणून उभं राहायचं तर गाणं कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुतणी २२ वर्षांची, टेक्सासमध्ये वाढलेली, जन्माने अमेरिकन नागरिक. गिटार चांगली वाजवते, चाळीसेक गाणी लिहून झाली आहेत आणि आता टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला, म्हणजे कंट्री या अमेरिकन लोकवळणाच्या संगीताच्या मुख्य गावी, जाऊन कंट्री गायिका-गीतकार व्हायचं म्हणते. घरच्यांना तीन गोष्टी कळत नाहीत. यात पैसा येतो कुठून, वर्षं किती द्यावी लागतात, आणि भारतीय नावाच्या, सावळ्या मुलीला तिथे कोणी उभं करेल का.

वर्षांचं आधी सांगतो, कारण घरातले वाद बहुतेक त्यावरूनच होतात. दहा वर्षं धरून चाला. ‘नॅशव्हिल हे दहा वर्षांचं गाव आहे’ असं तिथे सगळेच म्हणतात आणि ते उगाच नाही. कंट्री गायिका लेनी विल्सन लुइझियानातल्या एका छोट्या गावातून २०११ मध्ये आली, सुरुवातीला कॅम्पर ट्रेलरमध्ये राहिली. तिचं गाणं रेडिओच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं २०२१ मध्ये, आणि सीएमएचा, म्हणजे कंट्री म्युझिक असोसिएशनचा, ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ पुरस्कार मिळाला २०२३ मध्ये. गायक क्रिस स्टेपल्टन २००१ साली आला आणि त्याचा पहिला एकल अल्बम निघाला २०१५ मध्ये. मधली चौदा वर्षं तो रिकामा नव्हता. आल्या आल्या त्याला गीतकार म्हणून एका पब्लिशरचा (रचनेचे हक्क सांभाळून ती गायकांपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीचा) करार मिळाला होता आणि केनी चेस्नी, जॉर्ज स्ट्रेट अशा मोठ्या गायकांसाठी तो गाणी लिहीत होता. जग त्याला २०१५ च्या नोव्हेंबरातल्या सीएमए सोहळ्यापासून ओळखतं. गावातल्या माणसांना तो त्याआधी दशकभर माहीत होता, तो गीतकार म्हणून. तुमच्या पुतणीसाठी यातला कामाचा मुद्दा हा, की गाणं लिहिणं ही तिथे पूर्णवेळ नोकरीसारखी गोष्ट आहे आणि गायिका म्हणून नाव होण्याच्या कितीतरी आधी तिच्यावर पोट भरता येतं. गळा चांगला असलेली माणसं तिथे गल्लोगल्ली आहेत. टिकतात ती बहुधा लिहिणारी.

आता पैसा. एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवं. एक रचना: शब्द आणि चाल. दुसरी ध्वनिमुद्रण, म्हणजे मास्टर. रचना लिहिणाऱ्याची आणि त्याच्या पब्लिशरची. मास्टर बहुतेक वेळा रेकॉर्ड कंपनीचा. टेलर स्विफ्टच्या जुन्या अल्बमांचे मास्टर २०१९ मध्ये दुसऱ्याच्या हाती गेले तेव्हा तिने तीच गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली. रचनेत ती स्वतः हिस्सेदार होती म्हणून त्या भांडणात तिची बाजू भक्कम राहिली.

अमेरिकेत एफएम-एएम रेडिओवर गाणं वाजलं तर गाणाऱ्याला एक पैसाही मिळत नाही. मिळतो फक्त लिहिणाऱ्याला आणि पब्लिशरला. उपग्रह आणि इंटरनेट रेडिओवर मास्टरचे पैसे साउंडएक्स्चेंज ही संस्था गोळा करते: निम्मे मास्टरच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला, ५ टक्के साथीदारांना. पण कंट्री अजूनही मोठ्या प्रमाणात साध्या रेडिओवर चालतं, आणि तिथला पैसा आस्काप, बीएमआय किंवा सेसॅक या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थांमार्फत येतो. गीतकाराने यातल्या एकाच संस्थेचं सभासद व्हायचं असतं. गाणं वाजल्यापासून खात्यात रक्कम यायला सहा ते नऊ महिने लागतात, परदेशातले पैसे त्याहून उशिरा. आज गाणं गाजतंय म्हणून आज गाडी घेणारे त्यामुळेच अडकतात.

दुसरा प्रवाह मेकॅनिकल रॉयल्टीचा. सीडी, विनाइल, डाउनलोड यांच्या प्रत्येक प्रतीमागे रचनेला कायद्याने ठरलेली रक्कम मिळते. २००६ पासून २०२२ पर्यंत ती ९.१ सेंट होती, २०२३ मध्ये १२ सेंट झाली, २०२५ मध्ये १२.७. २०२५ च्या दराने हिशेब करून बघा. एखाद्या मोठ्या गायकाच्या अल्बममध्ये पुतणीचं एक गाणं आहे, अल्बमच्या एक लाख प्रती खपल्या. गाण्याचे झाले १२,७०० डॉलर. तिघांनी मिळून लिहिलं असेल तर तिच्या वाट्याचे ४,२३३. साधा करार असेल तर यातले निम्मे पब्लिशरचे. को-पब्लिशिंग करार असेल, म्हणजे पब्लिशरच्या निम्म्यातलाही अर्धा तिचा असेल, तर तिला ७५ टक्के, म्हणजे सुमारे ३,१७५ डॉलर. आणि हेही हातात येत नाहीत, आधी पब्लिशरने दिलेली उचल फेडण्यात जातात. स्ट्रीमिंगमध्ये सगळ्या रचनांचा मिळून वाटा कंपनीच्या उत्पन्नाच्या १५ टक्क्यांच्या आसपास, आणि तो असंख्य गाण्यांत वाटला जातो. अल्बममधलं न गाजलेलं गाणं पूर्वी गीतकाराचं घरभाडं काढत असे, आता काढत नाही. म्हणून आज गीतकाराच्या उत्पन्नात खरा फरक पडतो तो रेडिओवर चढलेल्या सिंगलमुळे, म्हणजे अल्बममधून वेगळं काढून रेडिओला दिलेल्या गाण्यामुळे. आणि रेडिओवर सिंगल चढायला कधी कधी वर्ष उलटतं.

उचलीबद्दल नीट समजून घ्या. पब्लिशर तरुण गीतकाराला दरमहा ठरावीक रक्कम देतो. तो पगार नव्हे. पुढच्या रॉयल्टीतून वळती होणारी उचल आहे. करार सहसा एका वर्षाचा असतो आणि पुढची वर्षं वाढवायची की नाही ते पब्लिशर ठरवतो. बदल्यात वर्षाला दहा-बारा ‘पूर्ण’ गाणी द्यायची. इथे नवखी मुलं फसतात: तिघांनी लिहिलेलं गाणं एक तृतीयांश धरलं जातं. बारा पूर्ण गाणी म्हणजे तिघांच्या बैठकीत लिहिलेली ३६ गाणी. त्यातही काही करारांत गाणं ‘दिलं’ एवढ्याने भागत नाही, ते कोणीतरी ध्वनिमुद्रित करून बाजारात आणलं तरच मोजलं जातं. हे कलम असेल तर एका वर्षाचा करार चार वर्षं लांबू शकतो आणि तोवर ती दुसरीकडे जाऊ शकत नाही. आणखी एक कलम बघायचं: सादरीकरणाच्या (म्हणजे गाणं रेडिओवर वगैरे वाजल्याच्या) रॉयल्टीतला लेखकाचा निम्मा वाटा बीएमआय किंवा आस्कापकडून थेट तिच्या खात्यात आला पाहिजे, उचलीत वळता होता कामा नये. कराराला संगीत व्यवसायाचाच वकील लावा. घर खरेदीचे कागद बघणारा ओळखीचा वकील इथे उपयोगाचा नाही.

मालकी सोडली की काय होतं, याची दोन उदाहरणं गावातला प्रत्येक जण सांगतो. विली नेल्सनने कडकीच्या दिवसांत ‘फॅमिली बायबल’ ५० डॉलरला विकून टाकलं. १९६० मध्ये ते दुसऱ्याच्या आवाजात गाजलं आणि श्रेयनामावलीत नेल्सनचं नावही नव्हतं. दुसरं डॉली पार्टनचं. टेनेसीच्या सेव्हिअर काउंटीतली ही मुलगी १९६४ मध्ये शाळा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी नॅशव्हिलला आली. तिचंही पहिलं यश गीतकार म्हणूनच: मामा बिल ओवेन्स यांच्याबरोबर लिहिलेलं गाणं १९६६ मध्ये बिल फिलिप्सने गायलं आणि ते चाललं. १९६७ पासून पोर्टर वॅगनरच्या टीव्ही कार्यक्रमात ती गायला लागली. तिथून बाहेर पडताना तिने ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ लिहिलं. १९७४ मध्ये ते कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. एल्व्हिस प्रेस्लीला ते गायचं होतं. त्याच्या मॅनेजरने, कर्नल टॉम पार्करने, पब्लिशिंगचा, म्हणजे रचनेच्या हक्कांतला, अर्धा हिस्सा मागितला. एल्व्हिसने गाणं गायचं म्हणजे त्या काळी कोणीही मुकाट्याने सही केली असती. पार्टनने नाही म्हटलं, आणि एल्व्हिसने ते ध्वनिमुद्रित केलं नाही. १९८२ मध्ये तिनेच ते एका चित्रपटासाठी पुन्हा गायलं आणि ते पुन्हा पहिलं आलं. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनच्या आवाजात ते बिलबोर्ड हॉट १०० वर चौदा आठवडे अव्वल राहिलं. १९७४ मध्ये तिने एका मोठ्या नावासाठी अर्धं गाणं दिलं असतं, तर पुढच्या प्रत्येक डॉलरमधून तो हिस्सा गेला असता. पुतणीला करिअरची एकच गोष्ट सांगायची असेल तर ही सांगा.

उलट, हिस्सा द्यायचा तिथे हात आखडता घेऊ नये. नॅशव्हिलमध्ये गाणी एकत्र लिहिली जातात. दोघं-तिघं सकाळी दहा-अकराला एका खोलीत बसतात, तीनेक तासांत गाणं उभं करतात. कित्येकांची दुपारी दोनला दुसरी बैठक असते. रिवाज असा की खोलीत होते त्या सगळ्यांचा हिस्सा समान. कोणी एकच ओळ दिली, कोणी फक्त चहा पीत ‘हे नको, ते ठेव’ म्हणालं, तरी तिघांत एक तृतीयांश. टेक्सासातून एकटीने लिहायची सवय घेऊन आलेली मुलगी ‘ध्रुवपद तर माझं होतं’ म्हणून ७० टक्के मागते, आणि मग तिला पुढच्या बैठकीचं बोलावणं येत नाही. बैठक संपताना एक कागद भरायचा: गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं कायदेशीर नाव, रॉयल्टीची संस्था, तिथला आयपीआय (गीतकाराचा ओळख) क्रमांक, टक्केवारी, सह्या. लाजेखातर हा कागद टाळलेली गाणी पुढे अडकतात. एका हिस्सेदाराचा पत्ता लागत नाही म्हणून रेकॉर्ड कंपनी गाणंच बाजूला ठेवते.

खोलीत जाताना रिकाम्या हाताने जायचं नाही. फोनमध्ये दहा-पंधरा शीर्षकं आणि दोन-तीन चालींचे तुकडे हवेत. कंट्रीत गाणं शीर्षकापासून सुरू होतं, आणि शीर्षकाने शेवटच्या वेळी पहिल्यापेक्षा काहीतरी जास्त सांगितलं पाहिजे. समजा शीर्षक आहे ‘पोर्चवरचा दिवा’. पहिल्या कडव्यात सतरा वर्षांची मुलगी रात्री उशिरा घरी येते आणि आईने दिवा चालू ठेवलाय. ध्रुवपद: दिवा चालू आहे. बहुतेक नवी गाणी दुसऱ्या कडव्यात मरतात, कारण तिथे तीच मुलगी, तीच रात्र, फक्त गाडीऐवजी पाऊस येतो. दुसऱ्या कडव्याने काळ किंवा माणूस बदलायला हवा: मुलगी आता शहरात, नवऱ्याशी भांडून मध्यरात्री माहेरी निघालेली. ध्रुवपदाचे शब्द तेच, पण दिव्याचा अर्थ आता ‘रागावणार आहे’ असा राहिला नाही, ‘ये’ असा झाला. तिसरं वळण ब्रिजमध्ये (शेवटच्या ध्रुवपदाआधीच्या वेगळ्या चालीच्या तुकड्यात) किंवा शेवटच्या ध्रुवपदात: दिवा आता मुलगी लावते. हे सगळं साडेतीन मिनिटांत, आणि पहिलं ध्रुवपद मिनिटाच्या आत. वस्तूंची नावं नेमकी ठेवायची. ‘जुनी गाडी’ यापेक्षा गाडी कोणती आणि तिचं काय मोडलंय, हे गाण्याला जास्त देतं.

स्टुडिओत गेल्यावर स्वरलेखन मिळत नाही, एक पान आकडे मिळतात. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स गायनसंघातल्या नील मॅथ्यूज यांनी ही पद्धत बसवली आणि चार्ली मॅककॉय आदी वादकांनी ती स्टुडिओभर पसरवली. कॉर्डचं नाव न लिहिता पट्टीतली तिची जागा लिहायची. एक ओळ ‘१ १ ४ १’, खालची ‘६- ५ ४ ४’; प्रत्येक आकडा तालाचं एक माप (बार), वजाचं चिन्ह म्हणजे मायनर. पट्टी जी असेल तर १ म्हणजे जी, ४ सी, ५ डी, ६- म्हणजे ई मायनर. गायिकेला पट्टी चढवून ए हवी झाली तर कागदाला हात लावावा लागत नाही. वादक त्याच आकड्यांवरून ए, डी, ई आणि एफ शार्प मायनर वाजवतात. सरगम ज्यांच्या कानात आहे त्यांना हे अर्ध्या तासात कळतं, कारण सा हलवला तरी सारेगम तीच राहते. आकड्याभोवती चौकोन तिरका काढला तर कॉर्ड वाजवून तशीच सोडायची. एका मापात दोन कॉर्ड असतील तर त्यांच्याखाली रेघ. स्टुडिओ बैठक तीन तासांची असते आणि वादक त्या हिशेबाने पैसे घेतात, तेव्हा कागद चुकीचा असेल तर तिचेच डॉलर जळतात. पट्टी आदल्या दिवशी उभं राहून, पूर्ण आवाजात गाऊन ठरवावी. पलंगावर बसून गुणगुणताना सोयीची वाटणारी पट्टी स्टुडिओत खाली पडते.

गावात ओळख कुठे होते? ब्लूबर्ड कॅफेचं नाव तिने ऐकलंच असेल. १९८२ मध्ये सुरू झालेली, दुकानांच्या रांगेतली, जेमतेम नव्वद खुर्च्यांची जागा. २००८ पासून ती गीतकारांच्या संघटनेच्या, एनएसएआयच्या, मालकीची आहे. सोमवारी ओपन माइक असतो. त्यापुढे ऑडिशन, मग रविवारची रायटर्स नाइट, मग कधीतरी ‘राउंड’: तिघं-चौघं गीतकार मधोमध गोल बसून आळीपाळीने स्वतःची गाणी म्हणतात. तिथे श्रोत्यांनी बोलायचं नाही हा नियम आहे, त्यामुळे कच्ची ओळ लपत नाही. लिसनिंग रूम कॅफेसारख्या इतर जागाही आहेत. गाण्याआधी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलू नये, गिटार दुसऱ्याच्या गाण्यात जुळवत बसू नये, आणि आपलं झालं की उठून जाऊ नये. शेवटची चूक लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात, कारण पुढची बैठक ज्यांच्याबरोबर व्हायची ते तिथेच बसलेले असतात.

लोअर ब्रॉडवे या रस्त्यावरच्या हाँकीटाँकांचं, म्हणजे गाणं चालणाऱ्या बारचं, गणित वेगळं. टूट्सीज, रॉबर्ट्स अशा ठिकाणी साधारण चार-चार तासांच्या पाळ्या, बरीचशी कमाई टिपांच्या बादलीतून, आणि गाणी दुसऱ्यांची. घशाला तालीम होते, भाडं निघतं, वादक ओळखीचे होतात. पण आठवड्याला पाच पाळ्या करणारी मुलगी सकाळी अकराच्या बैठकीत आवाज आणि डोकं दोन्ही थकलेली येते. दोन पाळ्या पुरेत.

गायिका म्हणून रेकॉर्ड कंपनीचा करार आला तर तो दुसरा धंदा सुरू झाला असं समजा. मॅनेजर १५ ते २० टक्के घेतो, बुकिंग एजंट १०, हिशेब बघणारा बिझनेस मॅनेजर साधारण ५. हे बहुतेक वेळा एकूण रकमेवर; बस, डिझेल, वादक, हॉटेल त्यानंतर. त्यामुळे सुरुवातीच्या दौऱ्यांत टी-शर्ट विकून घरी पैसे येतात, तिकिटांतून नव्हे. कंपनी दौऱ्यात आणि मालाच्या विक्रीतही टक्का मागेल. पब्लिशिंगमध्ये मागितला तर तिथे घट्ट राहायचं. आणखी एक छोटं कलम: गायिकेनेच लिहिलेल्या गाण्यांवर सीडी-विनाइलसाठी मेकॅनिकल दराच्या ७५ टक्केच देऊ, तेही दहा-अकरा गाण्यांपुरतं. नवीन गायिकेला हे पूर्ण काढून घेता येत नाही, पण गाण्यांची मर्यादा वाढवून घेता येते.

आता जागा आहे का, याबद्दल. रेडिओवर बायकांची गाणी कमी वाजतात, दोन गायिका लागोपाठ लावू नयेत असा सल्ला स्टेशनांना उघडपणे दिला गेलाय, आणि २०१५ मध्ये त्यावरून मोठा गदारोळही झाला. रंगाचा इतिहासही सोपा नाही. कृष्णवर्णीय गायक चार्ली प्राइडची पहिली रेकॉर्डं १९६६ मध्ये फोटोशिवाय स्टेशनांना पाठवली गेली. तोच १९७१ मध्ये सीएमएचा एंटरटेनर ऑफ द इयर झाला. ट्रेसी चॅपमनचं १९८८ चं ‘फास्ट कार’ २०२३ मध्ये गोरा कंट्री गायक ल्यूक कोम्ब्सने गायलं, कंट्री रेडिओवर पहिलं आलं आणि त्या वर्षीचा सीएमएचा ‘साँग ऑफ द इयर’ चॅपमनला मिळाला. तो मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार, गाणं बाजारात येऊन पस्तीस वर्षांनी. दार गीतकारासाठी गायिकेपेक्षा आधी उघडतं, हे इथेही दिसतं. तिने आपलं नाव बदलू नये असं माझं ठाम मत आहे. पण कुठल्या मातीतली आहे हे गाण्यातून दिसावं: टेक्सासातलं मोटेल, पेट्रोल पंप, आईची रात्रपाळी, हे सगळं कंट्रीचंच आहे आणि ते तिच्याइतकं आतून फार थोड्यांनी लिहिलंय.

निघण्यापूर्वीची कामं थोडी आहेत. चाळीसमधली आठ गाणी निवडा, जी फक्त आवाज आणि एका गिटारवर उभी राहतात. तिने एकटीने लिहिलेली अप्रकाशित गाणी कॉपीराइट ऑफिसमध्ये दहा-दहाच्या गटाने एका अर्जात नोंदवता येतात, शुल्क ८५ डॉलर. एनएसएआयचं सभासदत्व टेक्सासातूनच घ्या. गाणी तपासून लेखी अभिप्राय मिळतो. कोणी ‘पैसे भरा, गाणं प्रकाशित करतो’ म्हणालं तर तो पब्लिशर नव्हे. खरा पब्लिशर पैसे मागत नाही. एखाद्याच गाण्याचा करार केला तर वर्ष-दोन वर्षांत ते कोणी ध्वनिमुद्रित न केल्यास हक्क परत, हे कलम असल्याशिवाय सही नको. आणि बीएमआय किंवा आस्कापचं सभासदत्व घेतलं की सगळं झालं असं समजू नका: स्ट्रीमिंगची मेकॅनिकल रॉयल्टी २०२१ पासून एमएलसी ही वेगळी संस्था गोळा करते. पब्लिशर मिळाला की ती नोंद तो बघतो. तोवर तिची प्रत्येक गाण्याची नोंद तिला स्वतःला करावी लागेल, नाहीतर पैसे तिच्या नावाने तिथे नुसते पडून राहतील.